होडीवरील विजेचा साठा

घरात दिवा लावताना आपण विजेचा हिशेब ठेवीत नाही, कारण तिचा पुरवठा दूरच्या विद्युत्केंद्राकडून होत असतो. मासेमारीसाठी समुद्रात गेलेल्या लहान यांत्रिक होडीची स्थिती याहून अगदी भिन्न असते. एंजिन बंद असताना तिचे दिवे, बिनतारी यंत्र आणि एंजिन सुरू करणारी मोटर ही सर्व एका पेटीतील मर्यादित साठ्यावर अवलंबून असतात. तो साठा मध्यरात्री संपला, तर एंजिन सुरू होत नाही, मदत मागता येत नाही आणि समोरून येणाऱ्या मोठ्या जहाजास होडीचे अस्तित्वही कळत नाही.

हा साठा बहुधा शिशाच्या संचायकात, म्हणजे रूढ भाषेतील बॅटरीत, केलेला असतो. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो १८५९ साली तयार केला. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २ व्होल्टचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटातील धन पट्टिकेवर लेड डायऑक्साइड व ऋण पट्टिकेवर सच्छिद्र शिसे असून त्यांच्यामध्ये सौम्य सल्फ्यूरिक आम्ल असते. वीज खर्च होऊ लागली की दोन्ही पट्टिकांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल विरळ होत जाते. उलट दिशेने प्रवाह सोडल्यास सर्व द्रव्ये पूर्वस्थितीस येतात. परंतु बॅटरी फार दिवस रिकामी राहिल्यास सल्फेटचे स्फटिक कठीण बनतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. म्हणून खर्च झालेली वीज विनाविलंब भरून काढणे हा पहिला नियम होय.

साठा किती उरला, हे व्होल्टमापकावरून समजते. काही तास विश्रांती दिलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, अर्धी झालेली सुमारे १२.२, तर ११.९ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. हा फरक एका व्होल्टहूनही कमी असल्याने मापक अचूक हवा.

आता हिशेब पाहू. १०० अँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअर प्रवाह २० तास देऊ शकते. मात्र तिचे आयुष्य टिकावे म्हणून निम्माच साठा वापरावा, म्हणजे ५० अँपिअर-तास. तारेचे, प्रत्येकी १० वॅटचे तीन दिवे २.५ अँपिअर घेतात. बारा तासांच्या रात्रीत ३० अँपिअर-तास खर्च होतात. त्याऐवजी २ वॅटचे एलईडी दिवे लावल्यास खर्च अवघा ६ वर येतो. उपकरणांचा सरासरी १ अँपिअर धरल्यास आणखी १२ लागतात. पहिल्या व्यवस्थेत ४२ आणि दुसऱ्या व्यवस्थेत १८, असा हा फरक आहे.

दिवे लख्ख लागतात, पण एंजिन सुरू होत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. याचे कारण खाऱ्या हवेने गंजलेल्या सांध्यात असू शकते. अशा सांध्याचा रोध ०.०२ ओहम असला, तर १ अँपिअर घेणाऱ्या दिव्याच्या वाटेत ०.०२ व्होल्टच नाहीसा होतो. पण मोटरचे १०० अँपिअर जाऊ लागताच २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. यासाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा वापराव्यात आणि सांधे स्वच्छ व घट्ट ठेवावेत.

१२ व्होल्टचा धक्का सहसा जाणवत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी मानणे चुकीचे आहे. दोन टोके धातूने जोडली गेल्यास शेकडो अँपिअर प्रवाह वाहून तारा पेट घेतात. यास्तव दिवे व उपकरणे यांच्या तारांवर धन टोकाजवळच वितळतार बसवावी. बॅटरी भरताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेटू शकतो, म्हणून तेथे वारा खेळता असावा आणि विडी पेटवू नये. तसेच समुद्राचे पाणी बॅटरीतील आम्लात शिरल्यास विषारी क्लोरीन वायू उत्पन्न होऊ शकतो. म्हणून पेटी उंचावर घट्ट बांधावी.

शक्य असल्यास दोन बॅटऱ्या ठेवाव्यात: एक केवळ एंजिनासाठी आणि दुसरी इतर कामांसाठी. दोहोंमध्ये वेगळे करणारी कळ असली, म्हणजे रात्रभर दिवे जळूनही पहाटे एंजिन सुरू करण्यापुरती वीज शिल्लक राहते आणि होडी स्वबळावर किनाऱ्यास परतू शकते.