शाखा तितकी नावे

आमच्या संघटनेच्या शाखा वाढल्या, तशी प्रत्येकीला संकेतस्थळावर आपल्या नावाची पाटी हवी झाली. या पाटीला सबडोमेन म्हणतात. मूळ नावाआधी टिंब देऊन जोडलेले उपनाव. आरंभी आम्ही एकेक हाताने नोंदवीत बसलो. वस्तुतः गरज नव्हती. नावावरून यंत्राचा क्रमांक सांगणारी जी डीएनएस व्यवस्था आहे, तिच्या १९८७ च्या नियमांतच सोय आहे. उपनावाच्या जागी तारकाचिन्ह ठेवले, की नोंद नसलेल्या प्रत्येक उपनावाला तोच क्रमांक मिळतो. पुढे सर्व्हर मागितलेले नाव वाचतो आणि नोंदवहीत पाहून त्या शाखेचे पान देतो. नवी शाखा म्हणजे वहीत एक ओळ! सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही तारकेचे मिळते. लेट्स एन्क्रिप्ट ते २०१८ पासून फुकट देते. मात्र ते एकाच पायरीपुरते. पोटशाखेला चालत नाही.

पण तारका भोळी. चुकलेल्या नावालाही ती 'या' म्हणते. एका कामगाराचे शाखेच्या नावात एक अक्षर चुकले. आमच्या सर्व्हरने त्याच्यापुढे कोरा तक्रार-अर्ज ठेवला. त्याने तो भरला; तो कोणत्याच शाखेला पोचला नाही. दोन महिन्यांनी तो स्वतःच कचेरीत येऊन उभा राहिला. आता वहीत नाव नसेल, तर 'अशी शाखा नाही' असे सांगून आम्ही सर्व शाखांची यादी पुढे ठेवतो.