जेमतेम दोन इंचांचा पट्टा

निल्स बोलिन हा स्वीडिश इंजिनिअर उमेदीच्या काळात माणसांना विमानाबाहेर फेकण्याचं काम करत होता. साब कंपनीत तो लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर होता. विमान पेटलं की वैमानिक खुर्चीसकट वर उडाला पाहिजे आणि तरी त्याचा मणका शाबूत राहिला पाहिजे, हा तिथला रोजचा प्रश्न. १९५८ मध्ये व्होल्वोने त्याला आपल्याकडे घेतलं आणि काम दिलं ते नेमकं उलटं: गाडी कशावरही आदळो, माणूस खुर्चीतून सुटता कामा नये. व्होल्वोचे तेव्हाचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांच्या नात्यातलं कोणीतरी मोटार अपघातात गेलं होतं आणि त्यामुळे त्यांनी हा विषय मनावर घेतला, असं सांगतात. बोलिनने वर्षभरात उत्तर काढलं. १३ ऑगस्ट १९५९ रोजी क्रिस्टियानस्टाड या गावातल्या विक्रेत्याकडे एक व्होल्वो पीव्ही ५४४ पोचती झाली. तिच्या पुढच्या सीटांना जो पट्टा होता, तोच थोड्याफार फरकाने आज तुमच्या-आमच्या गाडीत आहे.

पट्टे त्याआधीही होते. एक प्रकार कमरेवरून आडवा जाणारा, एसटीच्या काही गाड्यांत किंवा विमानात दिसतो तसा. धडक बसली की कंबर जागेवर राहायची, पण धड पुढे घडी पडल्यासारखं वाकून डोकं डॅशबोर्डवर आपटायचं. दुसरा प्रकार खांद्यावरून तिरका येणारा. त्याचं बक्कल बरगड्यांच्या जवळ यायचं, आणि कमरेला काहीच धरून नसल्यामुळे माणूस खालून निसटायचा. बोलिनने दोन्ही एका सलग पट्ट्यात आणले आणि पट्टा अडकवायची जागा सीटच्या बाजूला, कमरेच्याही खाली नेली. त्यामुळे इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार तयार झाला, त्याचं टोक जमिनीकडे. जोर पडतो तो छातीच्या आणि खुब्याच्या हाडांवर, म्हणजे शरीरात जिथे सोसण्याची ताकद आहे तिथे.

माझ्या मते बोलिनची खरी करामत यापुढची आहे. हा पट्टा एका हाताने लावता येतो. वैमानिकाला जीव वाचवण्यासाठी दहा बंद आवळायला सांगितले तरी तो निमूटपणे आवळतो. भाजी आणायला निघालेला माणूस दुसरा बंदसुद्धा आवळणार नाही. बोलिनने हे ओळखलं आणि ओढा, खटका दाबून बसवा, झालं, एवढ्यावर काम आणलं. व्होल्वोने पेटंट घेतलं, पण इतर कंपन्यांना ती रचना वापरायची मोकळीक दिली. मोटारींच्या धंद्यात असं औदार्य फारसं बघायला मिळत नाही.

पट्ट्याला कोणाशी झुंजायचं असतं, त्याचा हिशोब एकदा मांडून बघावा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी भिंतीवर आदळली, तिचं नाक चेपलं आणि पट्ट्याने बांधलेला माणूस साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, असं धरू. तेवढ्या क्षणापुरता त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट जोर येतो. साठ किलोचा माणूस बाराशे किलोचा होतो. 'मी हाताने धरून ठेवेन की' म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा. मांडीवर घेतलेलं दहा किलोचं बाळ त्या क्षणी दोनशे किलोचं असतं. पट्टा नसलेल्या माणसाचं गणित याहून वाईट. गाडी थांबली तरी तो मात्र ५० च्याच वेगाने पुढे जात राहतो आणि डॅशबोर्ड किंवा काच त्याला काही सेंटिमीटरांत थांबवते.

नीट बांधलेलं शरीर किती सोसू शकतं, हे अमेरिकी हवाई दलातल्या जॉन स्टॅप या डॉक्टरने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. डिसेंबर १९५४ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तो रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत बसला, ताशी एक हजार किलोमीटरच्या वर गेला आणि सव्वा-दीड सेकंदात थांबला. त्याच्यावर ४६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट जोर आला. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, पण माणूस जगला आणि १९९९ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी गेला. त्या प्रयोगानंतर बरीच वर्षं तो मोटारींना पट्टे लावा म्हणून कंपन्यांच्या आणि सरकारच्या मागे लागला होता.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येऊ. पट्टा पॉलिएस्टरचा, रुंदी ४६ ते ४८ मिलिमीटर. बोटांच्या चिमटीत धरून बघा: लांबीत वळतो, पण रुंदीत ताठ राहतो. विणताना ते मुद्दाम साधलेलं असतं, कारण धडकेच्या वेळी पट्ट्याची दोरी झाली तर ती शरीरात रुतेल. सुमारे दीड टन ताण पडेपर्यंत तो तुटता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. दारालगतच्या खांबातल्या झाकणामागे एक रीळ असतं आणि त्याला घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली स्प्रिंग. पट्टा सैल सुटला की तीच त्याला आत खेचून घेते.

खरा खेळ त्या रिळाच्या कुलपाचा आहे. कुलूप दोन कारणांनी बसतं. एक, पट्टा झटक्याने ओढला तर. हे तुम्ही गाडी उभी असतानाही करून बघू शकता. दुसरं, गाडीचा वेग एकदम मोडला तर. त्यासाठी एका छोट्या वाटीत पोलादी गोळी ठेवलेली असते. गाडीने कचकन ब्रेक मारला की गोळी वाटीच्या कडेवर चढते, वरचा खटका उचलते, खटका दात्यात अडकतो आणि रीळ जागीच थिजतं. गाडी नुसती कलली तरी गोळी सरकते. म्हणून मानकात लिहिलेलं आहे की बारा अंशांपर्यंत कललं तर कुलूप बसता कामा नये आणि सत्तावीस अंशांच्या पुढे बसलंच पाहिजे. कोकणातल्या एखाद्या खड्या चढावर उभ्या केलेल्या गाडीत बसताना पट्टा बाहेरच येत नाही, तेव्हा तो बिघडलेला नसतो. गोळी आपलं काम करत असते.

नव्या गाड्यांत याला दोन जोड मिळाले आहेत. पहिला प्रीटेन्शनर. धडक जाणवली की थोडीशी स्फोटक दारू पेटते आणि तिचा वायू डोळ्याचं पातं लवायच्या आत पट्टा मागे खेचून अंगाशी घट्ट करतो. मर्सिडीजने १९८१ मध्ये तो पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत दिला. दुसरा जोड लोड लिमिटर. तो जरा उलटा विचार आहे. एका मर्यादेपलीकडे ताण गेला, तर रिळातला पोलादी दांडा मुद्दाम पिळवटतो आणि पट्टा थोडा सैल सोडतो, म्हणजे बरगड्या मोडत नाहीत. आधी आवळायचं आणि मग अंदाजाने सोडायचं, हे सगळं एका सेकंदाच्या दहाव्या भागात.

एवढं असूनही लोक पट्टा लावत नव्हते, स्वीडनमध्येसुद्धा. १९६७ मध्ये व्होल्वोने आपल्या गाड्यांच्या २८,००० अपघातांची पाहणी मांडली. पट्टा लावलेला एकही माणूस ताशी ९५ किलोमीटरच्या आतल्या अपघातात मेला नव्हता. न लावलेले मात्र अगदी कमी वेगालाही मेले होते. तरी सवय लागली ती कायद्यानेच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० च्या डिसेंबरमध्ये जगात पहिल्यांदा पट्टा सक्तीचा केला. अमेरिकेने १९७४ च्या गाड्यांत वेगळाच उपाय केला: पुढच्यांनी पट्टे लावल्याशिवाय इंजिनच सुरू होणार नाही. सीटवर किराणा सामानाची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसायची. लोक इतके भडकले की त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात काँग्रेसने ही सक्ती उठवली.

आपल्याकडे वेगळी तऱ्हा. पुढच्या दोन सीटांना पट्टे देण्याचं बंधन कंपन्यांवर नव्वदीच्या दशकात आलं. २०१९ च्या १ जुलैपासून पुढच्या दोघांनी पट्टा न लावल्यास वाजणारा गजर सक्तीचा झाला, आणि १ सप्टेंबरपासून मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब येऊन शंभराचा दंड हजारावर गेला. मग आमची प्रतिभा जागी झाली. पट्टा न लावता गजर बंद पाडायची एक क्लिप बाजारात आली: पट्ट्याची नुसती धातूची जीभ, बक्कलात खुपसून ठेवायची. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विकायला मनाई केली, तेव्हा १३,११८ जाहिराती काढाव्या लागल्या. ज्यांना क्लिपचे पैसेही घालायचे नसतात, ते पट्टा सीटच्या पाठीमागून नेऊन कायमचा अडकवून ठेवतात आणि त्याच्यावर टेकून बसतात.

पुढच्या सीटवर निदान चौकातल्या हवालदाराचा धाक आहे. मागे तोही नाही. गणपतीला कोकणात निघालेल्या कुठल्याही गाडीत हा संवाद होतो. 'काकू, बेल्ट लावून घ्या.' 'अरे, मी मागे बसलेय ना! मला कशाला?' काकूंचा दोष म्हणाल तर अर्धाच, कारण लावायचा म्हटलं तरी बक्कल सापडत नाही. नवी गाडी शोरूममधून थेट सीट कव्हरच्या दुकानात जाते. तिथला कारागीर मागचं बाकडं एका सलग रेक्झिनने असं झकास मढवतो की तिन्ही बक्कलं खाली गाडली जातात. पट्टे खांबाला लोंबत राहतात, त्यांना अडकायला जागा उरत नाही. मागच्या सीटच्या बाबतीत मी कायद्यापेक्षा या कव्हरवाल्यांना जास्त जबाबदार धरतो. त्यांनी बक्कलासाठी चार इंचांची फट ठेवली तर निम्मं काम होईल.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं तपासात सांगितलं गेलं. गाडी महागातली, एअरबॅगवाली. त्यानंतर महिनाभर सगळीकडे मागच्या पट्ट्याचीच चर्चा होती आणि १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा असल्याचं जाहीर केलं. पुष्कळांना तो नवा कायदा वाटला. प्रत्यक्षात केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ (३) मध्ये मागे पुढच्या दिशेला तोंड करून बसणाऱ्यांचा उल्लेख कितीतरी आधीपासून आहे. त्याच २०२२ साली पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसं मेल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे. त्यातले ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. जवळजवळ निम्मे निम्मे.

मागचा माणूस फक्त स्वतःचा जीव धोक्यात घालत असता तर एकवेळ त्याचं त्याला म्हणता आलं असतं. तो पुढच्या सीटच्या पाठीवर येऊन आदळतो आणि पट्टा लावलेल्या पुढच्या माणसाला चेचतो. २००२ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी जपानमधल्या अपघातांची आकडेवारी तपासून 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की मागचे प्रवासी बिनापट्ट्याचे असतील, तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होतो. ड्रायव्हरने काकूंना आग्रह करावा तो काकूंसाठी म्हणून, आणि काकूंनी ऐकावं ते पुढे बसलेल्या पुतण्यासाठी.

एअरबॅगवरचा आपला विश्वास हे आणखी एक प्रकरण. सहा एअरबॅगांची सक्ती करायची की नाही यावर वर्ष-दीड वर्ष खल झाला आणि २०२३ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी सक्ती करणार नसल्याचं सांगितलं. त्या चर्चेत एक गोष्ट मागे पडली. स्टिअरिंगवर एसआरएस अशी जी अक्षरं असतात, त्यातला पहिला एस म्हणजे पूरक. पिशवी पट्ट्याला पूरक आहे, पर्याय नाही. ती स्फोटासारखी फुगते, साधारण तीस-चाळीस मिलिसेकंदांत. पट्टा नसलेला माणूस ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन पडला, तर वाचवण्याऐवजी इजा करू शकते.

लावण्याचीही एक रीत आहे. खालचा पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वर खुब्याच्या हाडांवर बसवायचा. गरोदर बाईने पोटाच्या खालून. वरचा पट्टा गळ्याला घासतो म्हणून काखेखालून घेणं फार धोक्याचं, त्याने बरगड्या मोडतात. खांबावर उंची बदलायची खुंटी असते, ती खाली करून घ्यावी. लहान मुलांना मोठ्यांचा पट्टा बसतच नाही, त्यांना त्यांच्या मापाची सीट लागते. ती आपल्याकडे अजून चैनीची वस्तू समजली जाते.

पट्टा हळूहळू आत जाऊ लागला तर लोक रीळ गेलं असं समजून गॅरेज गाठतात. बहुतेक वेळा खांबावरच्या ज्या कडीतून पट्टा वळतो, तिथे घाम आणि धुळीचं किटण साचलेलं असतं. पट्टा पूर्ण बाहेर ओढून, चिमट्याने अडकवून, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसला आणि सावलीत वाळवला की तो पुन्हा सरकन आत जातो. ब्लीच किंवा कडक रसायन मात्र लावू नये, त्याने धागे कमजोर होतात. कडेला धागे निघाले असतील, तर मात्र पट्टाच बदलावा लागतो.

मोठा अपघात सोसलेला पट्टा तसाच पुन्हा वापरायचा नसतो. धागे ताणलेले असतात आणि प्रीटेन्शनरची दारू एकदाच पेटते. पण ठोकलेली गाडी दुरुस्त करून विकणारा यावर खर्च करेलच असं नाही, आणि बाहेरून काही कळतही नाही. म्हणून जुनी गाडी बघायला गेलात तर बॉनेटआधी पट्टा उघडा. चारही जागांचे पट्टे शेवटपर्यंत बाहेर ओढा, एकेकाला झटका देऊन बघा, बक्कलात घालून सोडवून बघा. तळाशी शिवलेल्या कापडी लेबलावर पट्टा बनल्याची तारीख असते. तीन पट्टे २०१७ चे आणि ड्रायव्हरचा एकटा २०२१ चा निघाला, तर विकणाऱ्याला किमतीच्या आधी ते विचारायचं.