छत्रीने उशिरा उघडावे म्हणून

24 जून 1943 रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या आकाशात, 40,200 फुटांवर उडणाऱ्या बी-17 विमानातून डॉ. रँडॉल्फ लव्हलेस यांनी उडी घेतली. लव्हलेस हे पेशाने डॉक्टर. उंचावरून उडी टाकणाऱ्या वैमानिकाला प्राणवायू पुरवणारे उपकरण नीट चालते की नाही, हे त्यांना स्वतःवर पाहायचे होते. आयुष्यातली ही त्यांची पहिलीच उडी. छत्री विमानाला बांधलेल्या दोरीने लगेच उघडली आणि त्या हिसक्याने लव्हलेस बेशुद्ध पडले. डाव्या हातातला हातमोजा उडून गेला आणि उघडा हात हिमदंशाने पोळला. प्राणवायूच्या उपकरणाने आपले काम केले. घात होता होता राहिला तो छत्रीमुळे, आणि त्या छत्रीत बिघाड काहीच नव्हता. ती उत्तम उघडली होती, पण फार लवकर.

पॅराशूट म्हटले की ‘उघडली नाही तर?’ हा एकच प्रश्न आपल्या मनात येतो. छत्र्या बनवणाऱ्यांना आणि त्यांच्या घड्या घालणाऱ्यांना मात्र त्याच्या जोडीने दुसरा प्रश्नही पडत आला आहे: ती सावकाश कशी उघडेल?

प्रश्नाचे मूळ शाळेतल्या विज्ञानात आहे. वेगाने आलेला चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो. चेंडू थांबायचा तो थांबतोच, पण थांबायला वेळ जास्त मिळाल्याने तळहाताला मार कमी बसतो. आकाशात पोटावर आडवा होऊन पडणारा माणूस हवेच्या विरोधामुळे ताशी सुमारे 195 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 54 मीटर, या वेगावर स्थिरावतो. छत्रीखाली हा वेग सेकंदाला सहा मीटरांवर आला असे धरू. हा बदल चार सेकंदांत झाला, तर शरीराला आपले वजन सरासरी सव्वादोनपट झाल्यासारखे वाटते. तोच बदल अर्ध्या सेकंदात झाला, तर जवळजवळ अकरापट. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. त्या अर्ध्या सेकंदात मानेला पन्नास किलोंहून अधिक भार पेलावा लागतो. शिरस्त्राणावर कॅमेरा असेल तर त्याचे वजनही त्याच पटीत वाढते. मान लचकणे, मणक्यांना इजा होणे हे अशा उघडण्याचे परिणाम आहेत. क्वचित त्यात जीवही गेला आहे.

लव्हलेस यांना बसलेला हिसका एवढा तीव्र का होता? छत्री फुगायला वेळेपेक्षा साधारण ठरावीक अंतर लागते. जमिनीजवळच्या दाट हवेत त्या अंतरात अर्धवट फुगलेली छत्रीच माणसाचा बराचसा वेग खाऊन टाकते. 40,000 फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम एक चतुर्थांश असते. तिथे वेग फारसा कमी होण्याआधीच छत्री पूर्ण फुगते आणि सगळा वेग एकदम अडवते. म्हणूनच उंचावरून उडी घेतली तर आधी मोकळे पडत खाली यायचे आणि मग छत्री उघडायची, हा धडा घट्ट झाला. 1960 मध्ये जोसेफ किटिंजर यांनी 1,02,800 फुटांवरून उडी घेतली, तेव्हा एका लहान छत्रीने त्यांना फक्त स्थिर ठेवले. मुख्य छत्री उघडली ती साडेसतरा हजार फुटांच्या आसपास.

हौशी आकाशउड्यांमध्ये हा प्रश्न नव्याने उभा राहिला तो चौकोनी छत्र्यांमुळे. डॉमिना जॅल्बर्ट यांनी 1966 मध्ये पेटंट मिळवलेल्या कल्पनेतून या छत्र्या आल्या. कापडी कप्प्यांची रांग, पुढची तोंडे उघडी, त्यांतून हवा शिरली की विमानाच्या पंखासारखा आकार तयार. असा पंख हवा तिकडे वळवता येतो आणि अलगद उतरवता येतो, पण तो फुगतोही झपाट्याने. सुरुवातीला दोऱ्या आणि कड्यांची गुंतागुंतीची योजना करून त्याला आवरावे लागे. मग त्यावर उपाय सापडला. तो इतका साधा होता की आजही मुख्य भिस्त त्याच्यावरच आहे.

त्याचे नाव स्लायडर. कापडाचा एक चौकोनी तुकडा, चार कोपऱ्यांत धातूची चार कडी आणि त्यांतून ओवलेले छत्रीच्या दोऱ्यांचे चार जुडगे. घडी घालताना हा तुकडा दोऱ्यांच्या वरच्या टोकाला, कापडाला लागून ठेवतात. उडीत खालून येणारी हवा त्याला वर रेटते आणि फुलू पाहणारी छत्री दोऱ्या फाकवून त्याला खाली ढकलते. या रस्सीखेचीत दोन-चार सेकंद जातात. जसजसा वेग घटतो, तसतसा वरचा रेटा कमी होतो आणि स्लायडर खाली घसरतो. वेग जास्त असेल तर तो आपोआप जास्त वेळ वर टिकतो. म्हणून छत्री फार जोरात उघडत असेल, तर पहिला उपाय म्हणजे थोडा मोठा स्लायडर बसवणे.

पण घडी घालताना तोच स्लायडर इंचभर खाली सरकून राहिला, तर रस्सीखेच सुरू होण्याआधीच संपते. त्यामुळे घडी घालणारा चारही कडी वरच्या थांब्यांना टेकली आहेत ना, हे हाताने चाचपतो. कप्प्यांची तोंडे तो आत वळवतो, म्हणजे हवा लगेच शिरत नाही. शेपटीकडचे कापड भोवती गुंडाळून तो सगळे एकत्र बांधून ठेवतो. त्यानंतर दोऱ्यांची पाळी. त्या थैलीच्या रबरी पट्ट्यांत वेटोळी करून अडकवतात, कारण आधी दोऱ्या पूर्ण ताणल्या जाव्यात आणि मगच थैलीतून कापड बाहेर यावे, असा क्रम आहे. पट्ट्या सैल असतील तर दोऱ्या एकदम सुटतात, कापड आधी बाहेर येऊन फुगू लागते आणि माणूस ढिल्या दोऱ्यांच्या टोकाला जाऊन आपटतो.

दोऱ्या कशाच्या आहेत, यावरही बरेच अवलंबून असते. डेक्रॉनच्या दोऱ्या जाड, पण किंचित ताणल्या जातात आणि हिसका थोडा पचवतात. स्पेक्ट्राच्या दोऱ्या बारीक नि बळकट. त्या कमी जागा घेतात, हवेला कमी अडवतात, पण ताणल्या जात नाहीत. शिवाय स्लायडरच्या कड्यांच्या घर्षणाने तापून त्या आखडतात. कडेच्या दोऱ्या मधल्यांपेक्षा जास्त आखडल्या की छत्रीचा तोल बदलतो आणि आजवर अलगद उघडणारी छत्री अचानक झटके देऊ लागते. काही शेकडो उड्यांनंतर दोऱ्या बदलाव्या लागतात, त्या तुटल्या म्हणून नव्हे, तर त्यांची मापे बिघडली म्हणून.

बाकीचे उडी घेणाऱ्याच्या हाती. डोके खाली करून पडणारा ताशी 260 किलोमीटरपर्यंत सहज जातो. वेग तेव्हा सव्वापटीहून थोडाच जास्त असतो, पण अंगातली ऊर्जा पावणेदोनपट होते. म्हणून छत्री काढण्याआधी काही सेकंद आडवे होऊन वेग उतरवायचा असतो. दुबईला हौसेने प्रशिक्षकाला बांधून उडी घेणाऱ्यांच्या मागे लहान छत्री तरंगत असते, तीही याचसाठी. दोन माणसांच्या वजनाने वाढू पाहणारा वेग ती आवरते.

मग उघडणे हवे तेवढे लांबवत का नाहीत? कारण उशिराची किंमत उंचीने मोजावी लागते. सावकाश उघडणारी छत्री सात-आठशे फूट घेते. ती गोंधळली तर सोडून देऊन दुसरी उघडायला उंची उरली पाहिजे, आणि त्या राखीव छत्रीला तर रेंगाळून चालतच नाही. कमी उंचीच्या कड्यांवरून उडी घेणारे स्लायडर काढूनच टाकतात. त्यांचा वेग अजून वाढलेला नसतो आणि जमीन फार जवळ असते. म्हणजे अमुक एक घडी उत्तम, असे कोणी सांगू शकत नाही. कोणत्या उंचीवर, किती वेगात असताना छत्री उघडणार, हे विचारल्याशिवाय स्लायडर किती मोठा हवा याचे उत्तर मिळत नाही. विमानात बसण्यापूर्वी, जमिनीवर कापड अंथरून गुडघ्यांवर बसलेला माणूस हेच ठरवत असतो: कुठे वेळ काढायचा आणि कुठे तो मुळीच घालवायचा नाही.