शिशुमाराचा बिल्ला

गेल्या गणेशोत्सवांत आमचा एक जुना विद्यार्थी रजेवर दाभोळास आला होता. तो आरमारांत पाणबुडीवर स्वयंपाकी आहे. दर्शनास गेलों तों गणपतीपुढें त्याच्या आईनें एक सोनेरी बिल्ला ठेवलेला दिसला. त्यावर दोन मासे. "हे कसले रे?" "गुरुजी, डॉल्फिन." ज्याला शब्दरूपें शिकवितांना आम्हीं हात टेकले, त्याच्याकडून आज आम्हांस शिकावयाचें होतें.

डॉल्फिन म्हणजे संस्कृतांतील शिशुमार. ऋग्वेदांत अश्विनीकुमारांच्या रथास वृषभाबरोबर शिंशुमार जोडलेला आहे. भागवताच्या पांचव्या स्कंधांत सारें ज्योतिश्चक्रच शिशुमाराकृति असून त्याच्या पुच्छाग्रीं ध्रुव आहे. याच शब्दापासून मराठींत 'सुसर' झाली आणि उत्तरेंत गंगेंतील डॉल्फिनास 'सोंस' म्हणूं लागले. आम्ही येथें उत्तरेचा पक्ष घेतों. आपल्या आरमारानें १९८६ सालीं जर्मनींत कील येथें सेवेंत घेतलेल्या पाणबुडीचें नांवही 'शिशुमार'च आहे.

बिल्ल्याची कल्पना मात्र पाश्चात्त्यांची. ग्रीकांच्या समजुतीप्रमाणें डॉल्फिन हे समुद्रदेवतेचे सेवक. अमेरिकेंत कॅप्टन अर्नेस्ट किंग यांनीं १९२३ सालीं अशा चिन्हाची सूचना केली व पुढील वर्षीं तें मंजूर झालें : मधें पाणबुडीचें नाळ, दोहों अंगांस डॉल्फिन, अधिकाऱ्यांस सोनेरी, खलाशांस पुढें रुपेरी. आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजीं सोव्हिएट संघांतील रीगा बंदरीं दाखल झाली.

हुद्द्याबरोबर हा बिल्ला मिळत नाहीं. विशाखापट्टणच्या 'सातवाहन' संस्थेंत शिक्षण, मग पाणबुडीवर उमेदवारी, शेवटीं परीक्षा. कप्तान असो वा स्वयंपाकी, हवेच्या नळ्या, पाण्याच्या झडपा, विजेच्या कळा काळोखांतही हातास सांपडल्या पाहिजेत. कारण पाण्याखालीं एकाची चूक सर्वांस भोंवते. आमच्या शिष्यानें हें सारें पाठ केलें. 'राम'शब्द तेवढा राहिला!

१४ ऑगस्ट २०१३ रोजीं 'सिंधुरक्षक' मुंबईच्या गोदींत स्फोट होऊन बुडाली, १८ जण गेले. तेव्हां हा शाळेंत होता. आईनें ती बातमी विसरलेली नाहीं. तरी जाण्यास निघाला तेव्हां तिनें अडविलें नाहीं. तो पाण्याखालीं असतां पत्र नाहीं, फोन नाहीं. "कोठें आहे तें सांगत नाहींत, आला म्हणजे आला," असें ती म्हणाली, आणि नैवेद्याचें ताट पुढें केलें.

वाशिष्ठीच्या मुखाबाहेर कधीं कधीं डॉल्फिन उसळतांना दिसतात. ते दिसले कीं ती माउली हातांतलें काम टाकून, ते पुन्हां वर येईपर्यंत धक्क्यावर उभी राहते.