कोरड्या विहिरीचे शून्य

सेलू तालुक्यातील चौदा विहिरींची पाणीपातळी मी गेली नऊ वर्षे मोजतो आहे. काठापासून पाणी किती मीटर खोल, हे मे आणि ऑक्टोबरात वहीत उतरवायचे. नोंदी वाढल्या तेव्हा सायलॅब शिकलो. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत जन्मलेली ही गणिती आकडेमोडीची संगणकप्रणाली आहे. ती मोफत मिळते आणि तिच्या आतली आज्ञावलीही कोणालाही वाचता येते. मी वाणिज्य शाखेचा. इंग्रजी पुस्तकावरून हे जमले नसते. मराठी आवाजातल्या दहा-दहा मिनिटांच्या धड्यांवरून जमले.

हे धडे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे. तेथेच प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने 'फॉसी' हा प्रकल्पही उभा राहिला. दोन्हींना केंद्र सरकारचे साहाय्य लाभले. धड्याची संहिता आधी लिहितात, मग विषयाची काहीच माहिती नसलेल्या माणसाकडून ती करवून पाहतात. तो जेथे अडतो तेथे संहिता बदलते आणि त्यानंतरच ध्वनिमुद्रण होते. पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच राहतात, आवाज मात्र मराठी, तमिळ, बंगाली होतो. शिकणाऱ्याने धडा थांबवत थांबवत शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचे.

'फॉसी'ची दुसरी युक्ती मला अधिक मोलाची वाटते. अभियांत्रिकीचे प्रचलित पाठ्यपुस्तक घ्यायचे आणि त्यातले प्रत्येक सोडवलेले उदाहरण सायलॅबमध्ये लिहायचे. विद्यार्थी ते लिहितो, जाणकार तपासतो, विद्यार्थ्याला मानधन मिळते आणि आज्ञावली सर्वांसाठी खुली होते. अशी शेकडो पुस्तके तयार झाली आहेत. महागडी परवाना-प्रणाली सोडू पाहणाऱ्या महाविद्यालयांची प्रयोगशाळाच मुक्त प्रणालीवर आणून देण्याचे कामही हे लोक करतात. प्रणाली फुकट मिळते म्हणून ती पसरत नाही. ती पसरते कारण कोणी धडा लिहितो, कोणी तपासतो, कोणी 'माझे अडले' या प्रश्नाला उत्तर देतो. या समन्वयाच्या कामाला शोधनिबंधात सहसा ओळही मिळत नाही.

खुलेपणाचा अर्थ मला माझ्याच चुकीने शिकवला. दुष्काळाच्या वर्षाची मे महिन्याची सरासरी काढली, तर पाणी वर आलेले दिसले. बांधबंदिस्तीच्या मागणीसाठी हाच तक्ता ग्रामसभेपुढे जायचा होता. चांगले पाणी दाखवणारे गाव यादीतून गळाले असते. सुदैवाने आकडे आणि आज्ञावली मी गावातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीला दिली होती. ती म्हणाली, "काका, या पाच विहिरी काठोकाठ भरल्या होत्या का?" त्या ठणठणीत कोरड्या होत्या! पाणी नाही म्हणून मी समोर 0 लिहिला होता. पण रकाना खोलीचा. काठापासून खोली शून्य म्हणजे विहीर तुडुंब. आम्ही त्या जागी 'नोंद नाही' असे न लिहिता विहिरीच्या तळाची खोली लिहिली आणि 'पाणी याहूनही खाली' अशी खूण केली. पाण्याची सरासरी पातळी घसरली, तक्ता खरा झाला. मी नुसता आलेख दाखवला असता तर तिला हे विचारता आले नसते.

वर्ध्याच्या माणसाला यात जुनी गोष्ट आठवते. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा 150 रुपयांच्या आत बसावा, वर्षानुवर्षे टिकावा, खेड्यातल्या झोपडीत चालावा, अशा अटी होत्या. किर्लोस्करांनीही यंत्र पाठवले होते. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. केवळ वेगाने सूत काढणारे यंत्र नको होते. वापरणाऱ्याच्या आवाक्यातले हवे होते.

शास्त्रीय संगणकप्रणालीलाही हीच कसोटी लावावी. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला आपला हिशेब स्वतः उलगडून पाहता येतो का? आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिले आहे: कोरडी विहीर म्हणजे शून्य नव्हे.