भूमिकेत शिरा, पण बाहेरही या!

झाडीपट्टीत दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून निघालेल्या मंडळ्या आज या गावी, तर उद्या त्या गावी. रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. 'नट भूमिकेशी अगदी एकरूप झाला होता,' अशी वाहवा आपण करतो. पण या एकरूप होण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा विचार क्वचितच होतो.

नटाने राग किंवा दुःख मनापासून आणले की मेंदू शरीराला खऱ्या संकटाचीच सूचना देतो. मूत्रपिंडावरील अॅड्रिनल ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन रक्तात येते, नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो. पडदा पडला तरी शरीर लगेच शांत होत नाही. म्हणून प्रयोगानंतर झोप येत नाही आणि ती आणण्यासाठी काहीजण दारूकडे वळतात.

माझ्याकडे पन्नाशीचे एक नट रक्तदाबासाठी येतात. नाटकात ते मुलांनी टाकलेल्या बापाचे काम करतात. मागे प्रयोगाच्या दिवशी त्यांनी गोळी बंद केली. कारण विचारले तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोळी घेतली का बाप बराबर मरतच नाही!" त्यांची गोळी नाडीचा वेग आवरणारी होती, त्यामुळे त्यांना भूमिकेत जोर वाटत नसे. एकदा मी स्वतः विंगेत रक्तदाब तपासला. सुरुवातीला १४०/९०, शेवटच्या प्रवेशानंतर १९०/११०! अशा गोळ्या अचानक बंद केल्यास हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. मी त्यांना दुसऱ्या प्रकारची गोळी दिली. त्यांच्या पत्नीची तक्रार मात्र वेगळीच होती. "हे घरीही पोरांवर तसेच संशय घेतात हो!"

ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. दिलीपकुमार यांनी लागोपाठ शोकांत भूमिका केल्या आणि त्यांच्या मनाला खिन्नतेने ग्रासले. हलक्याफुलक्या भूमिका करण्याचा वैद्यकीय सल्ला त्यांना मिळाला. 'देवदास' आणि खेळकर 'आझाद' हे त्यांचे दोन्ही चित्रपट १९५५ सालचेच.

मग भूमिकेत शिरूच नये काय? अवश्य शिरावे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की (१८६३-१९३८) नटाला 'मी या प्रसंगात असतो तर काय केले असते?' असा प्रश्न विचारायला सांगत. या 'तर'मध्येच सारे आले. आपण तो माणूस नाही, हे भान त्यात सुटत नाही.

नटमंडळींनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे प्रयोगाच्या दिवशीही चुकवू नयेत. त्रास होत असल्यास डॉक्टरांकडून बदलून घ्यावीत.

२) प्रयोगानंतर रंग उतरवावा, कपडे बदलावेत, कोमट पाण्याने तोंड धुवावे. दहा मिनिटे सावकाश दीर्घ श्वास घ्यावा. सोबत्यांनी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी.

३) झोपेसाठी दारू किंवा स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेऊ नये. पहाटे परतल्यावर अंधाऱ्या खोलीत सहा-सात तास झोपावे.

४) प्रयोगात छातीत कळ आली, दम लागला, घाम फुटला, तर काम तेथेच थांबवावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. प्रेक्षकांना तो अभिनय वाटेल, म्हणून सोबत्यांनी सावध असावे.

५) भूमिकेची खिन्नता किंवा संशय दोन आठवड्यांहून अधिक टिकला, जीव नकोसा वाटू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. त्यात लाज कसली?

घरच्यांनीही एक करावे. नट घरी आला की त्याला लगेच पैशांचा, भांडणाचा हिशेब सांगू नये. गरम वरण-भात वाढावा आणि झोपू द्यावे. बाकीचे दुपारी!