सीमेपलीकडचें तिकाल

मध्य अमेरिकेच्या नकाशावर कॅरिबियन समुद्राला लागून बेलीझ नांवाचा एक चिमुकला देश आहे. १९८१ पर्यंत तो ब्रिटिशांच्या ताब्यांत होता आणि १९७३ पर्यंत त्याचें नांवहि ब्रिटिश होंडुरास असें होतें. त्याच्या पश्चिमेस ग्वातेमाला हें राष्ट्र असून तेथील पेतेन प्रांताच्या अरण्यांत तिकाल हें माया लोकांचें पुरातन नगर आहे. बेलीझच्या पश्चिम भागांतील सान इग्नासिओ या गांवीं उतरलेल्या प्रवाशास पहाटे निघून, वाटाड्याच्या सोबतीनें सीमा ओलांडून, तिकाल पाहून त्याच दिवशीं परत येतां येतें. एका दिवसांत दोन देश, दोन भाषा, दोन चलनें आणि बारा-पंधरा शतकांचें अंतर! ही सहल कशी करावी, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे तींत नेमकें काय पाहावें, हें आजच्या भाषणांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. सान इग्नासिओपासून सीमेवरील ठाणें आठ-नऊ मैलांवर आहे. अलीकडचें गांव बेन्के व्हिएहो, पलीकडचें मेल्चोर दे मेन्कोस. तेथें मोटारींतून उतरून एका खिडकीवर देश सोडल्याचा आणि दुसऱ्या खिडकीवर देशांत शिरल्याचा शिक्का घ्यावयाचा. संध्याकाळीं हेंच सर्व उलट क्रमानें. बहुधा बेलीझची मोटार येथपर्यंतच येते आणि पुढें ग्वातेमालाचा परवानाधारक वाटाड्या तेथील मोटारीनें नेतो. म्हणून सहल ठरवितांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: सीमेवरील शुल्क व उद्यानाचें तिकीट रकमेंत धरलें आहे काय, पलीकडचा वाटाड्या आपणांस समजणारी भाषा बोलतो काय, आणि तिकालमध्यें प्रत्यक्ष किती तास मिळणार आहेत. भारतीय प्रवाशानें आणखी एक काळजी घ्यावी. सहल एका दिवसाची असली तरी कायद्याच्या दृष्टीनें ती एक देश सोडून त्यांत पुन्हां प्रवेश करणेंच होय. बेलीझच्या परवान्यावर एकदांच प्रवेशाची मुभा असेल, तर सकाळीं हसतमुखानें निघालेला मनुष्य, सामानसुमान पलीकडे राहिलें असतां, संध्याकाळीं सीमेवर अडकून पडेल. दोन्ही देशांचे नियम निघण्यापूर्वीं त्यांच्या वकिलातींकडून पक्के करून घ्यावेत हें उत्तम.

ही सीमा स्वतःच एक पाहण्यासारखी वस्तु आहे. अलीकडे राज्यकारभाराची भाषा इंग्रजी, पलीकडे स्पॅनिश. अलीकडे बेलीझचा डॉलर. दोन दिले म्हणजे अमेरिकेचा एक. पलीकडे केत्साल, हें नांव एका हिरव्या पिसांच्या पक्ष्याचें असून त्याचीं लांब पिसें माया राजे आपल्या मुकुटांत मिरवीत. १८५९ च्या एका तहाच्या अर्थावरून ग्वातेमाला बेलीझच्या बऱ्याच मोठ्या भूभागावर हक्क सांगत आला आहे. २०१८ सालीं ग्वातेमालाच्या आणि २०१९ सालीं बेलीझच्या मतदारांनीं हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपविण्यास संमति दिली. ज्या रेषेवर आपण शिक्क्यासाठीं रांगेंत उभे राहतों, ती रेषा अशी अलीकडची आणि वादाची आहे, एवढें ध्यानांत ठेवून पुढें निघावें.

सीमेपासून तिकाल सुमारें ६० मैल. वाटेंत पेतेन इत्सा हें विस्तीर्ण सरोवर दिसतें. त्याच्या दुसऱ्या टोकाकडील फ्लोरेस बेटावर नोहपेतेन ही इत्सा मायांची राजधानी होती. ती स्पॅनिश सैन्यानें जिंकली १६९७ सालीं, म्हणजे कोलंबस अमेरिकेस पोहोंचल्यानंतर दोनशें वर्षांनीं. माया लोक फार प्राचीन काळींच नाहींसे झाले, ही समजूत खरी नव्हे, याचा हा पहिला पुरावा.

सरोवर मागें पडलें कीं अरण्य दाट होऊं लागतें. त्यांतील एक झाड आपल्या श्रोत्यांच्या पूर्ण परिचयाचें आहे. डहाणू-घोलवडच्या बागांतून जो चिकू आपण आणतों, त्याचें मूळ घर हेंच. त्याच्या सालीला चिरा पाडून निघणाऱ्या चिकास तिकडे चिक्ले म्हणतात. आपल्या 'चीक' या शब्दाशीं त्याचें साम्य निव्वळ योगायोगाचें आहे. हा चीक आटवून चघळण्याचा गोंद तयार करीत, आणि तो गोळा करण्यासाठीं रानोमाळ हिंडणाऱ्या मजुरांना कित्येक पडकीं नगरें प्रथम दिसलीं. तिकालच्या देवळांच्या दारांवरील तुळयाहि चिकूच्याच लाकडाच्या आहेत. हें लाकूड इतकें चिवट कीं, त्यांवरील कोरीव काम अकराशें वर्षांहून अधिक काळ पावसाच्या प्रदेशांत टिकलें. त्यांतील कांहीं उत्कृष्ट तुळया बेर्नुली नांवाच्या स्विस गृहस्थानें १८७७ सालीं काढून नेवविल्या. आज त्या बाझेलच्या संग्रहालयांत आहेत.

तिकालचें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं स्थापन झालें आणि १९७९ सालीं जागतिक वारशाच्या यादींत त्याची नोंद झाली. १९५६ पासून १९७० पर्यंत पेन्सिल्वेनिया विद्यापीठाच्या मंडळींनीं येथें उत्खनन केलें. दारापासून मुख्य चौकापर्यंत झाडींतून पायीं जावें लागतें. वर मोठ्यानें गर्जणारीं वानरें असतात. ती गर्जना ऐकून नवखा मनुष्य वाघाच्या भीतीनें दचकतो. मग एकाएकीं झाडी संपते आणि समोर पहिलें देऊळ उभें राहतें. नऊ टप्प्यांचा उभट चौथरा, त्यावर लहानसें गर्भगृह आणि त्यावर दगडी तुरा, अशी ही सुमारें १५० फूट उंचीची वास्तु आहे. हासाव चान काविल हा राजा ६८२ सालीं गादीवर आला. त्याचें हें समाधि-मंदिर. १९६२ सालीं त्याच्या पोटांतून राजाचें दफन आणि जेड या हिरव्या दगडाचे भरगच्च अलंकार सांपडले. या देवळावर चढण्यास मनाई आहे. परंतु पश्चिमेकडील चौथ्या देवळावर लांकडी जिन्यानें चढतां येतें. तें हासावच्या मुलानें ७४१ च्या सुमारास बांधलें असून त्याची उंची सुमारें २१२ फूट आहे. वरून पाहिलें असतां क्षितिजापर्यंत हिरवें अरण्य आणि त्यांतून डोकें वर काढणारे दोन-तीन दगडी तुरे, एवढेंच दिसतें. हें सर्व लोखंडी हत्यारांवांचून, ओझ्याच्या जनावरांवांचून आणि गाडीवांचून उभें राहिलें आहे.

एवढें पाहून बहुतेक प्रवासी "केवढें हें गूढ!" असे उद्गार काढून परततात. 'गूढ' हा शब्द सोयीचा असला तरी तो विचार थांबवितो. त्याऐवजीं आपण तीन साधे प्रश्न घेऊन हिंडलें पाहिजे. पाणी कोठून येई? दगडांवर लिहिलें आहे तें काय? आणि माणसें गेलीं कोठें?

पहिला प्रश्न पाण्याचा. तिकालला नदी नाहीं, मोठा ओढा नाहीं, आणि वर्षांतून तीन-चार महिने कोरडे जातात. बांधकामासाठीं दगड काढल्यानें पडलेल्या खाणींचे त्यांनीं तलाव केले. चौकांना चुन्याचा गिलावा देऊन असा उतार ठेवला कीं पावसाचें पाणी त्या तलावांतच जावें. चौक म्हणजे केवळ उत्सवाची जागा नव्हे, ती नगराची पागोळीहि होती. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, एका तलावाच्या तोंडाशीं त्यांनीं झिओलाइट या खनिजाची व स्फटिक-वाळूची गाळणी बसविली होती. त्याच वर्षींच्या दुसऱ्या एका संशोधनांत राजवाड्याजवळच्या तलावाच्या गाळांत पारा आणि विषारी शेवाळाचे अंश सांपडले. राजवाड्याला लावलेला हिंगुळाचा लाल रंग पावसानें धुपून पिण्याच्या पाण्यांत उतरत होता. वैभवाचा रंगच पाण्यांत विष कालवीत होता, हें वाचून मन थबकतें.

दुसरा प्रश्न लेखांचा. चौकांत उभ्या शिळांच्या रांगा आहेत. त्यांवर टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पांच. शून्यासाठीं त्यांच्याजवळ स्वतंत्र चिन्ह होतें आणि स्थानावरून अंकाची किंमत ठरविण्याची पद्धतिहि त्यांना अवगत होती. आपल्या देशांतील शून्याचा आपणांस अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. परंतु पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, आपल्याशीं कसलाहि संबंध नसतां, याच कल्पनेपर्यंत माणसाची बुद्धि पोहोंचली होती, हें पाहून तो अभिमान अधिक समंजस व्हावा. तिकालच्या एका शिळेवर इ. स. २९२ ची तारीख आहे. पूर्वीं विद्वानांना असें वाटे कीं, या लेखांत केवळ ग्रह-ताऱ्यांचें गणित असावें. १९५२ सालीं क्नोरोझोव्ह या रशियन पंडितानें या लिपींतील चिन्हें उच्चारदर्शक आहेत असें दाखविलें आणि १९६० सालीं तात्याना प्रोस्कुरियाकोव्ह या विदुषीनें तीं राजांच्या जन्माचीं, राज्यारोहणाचीं व मृत्यूचीं नोंद करतात हें सिद्ध केलें. तेव्हांपासून या दगडांना माणसांचीं नांवें आलीं.

या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट उघड होते. आज बेलीझमध्यें असलेल्या काराकोल येथील एका शिळेवर, ५६२ सालीं तिकालचा युद्धांत पराभव झाल्याची नोंद आहे. त्यानंतर सुमारें १३० वर्षें तिकालमध्यें तारखेची एकहि शिळा उभी राहिली नाहीं. पुढें ६९५ सालीं हासावनें, आज मेक्सिकोंत असलेल्या कालाकमुलच्या राजाचा पराभव करून तिकालचें वैभव परत आणलें. काराकोल, तिकाल, कालाकमुल: एकाच भांडणांतील तीन राज्यें आज तीन देशांत आहेत. सकाळीं शिक्क्यासाठीं आपण ज्या रेषेवर थांबलों, ती या इतिहासाच्या अंगावरून मागाहून ओढलेली आहे.

तिसरा प्रश्न माणसांचा. नवव्या शतकांत अवर्षणें, युद्धें आणि राजघराण्यांचा ऱ्हास एकत्र आले. तिकालची शेवटची तारखेची शिळा ८६९ सालची आहे. राजे गेले आणि चौकांत झाडें उगवलीं. परंतु शेतकरी, विणकर, कुंभार हे लोक पाण्याच्या आसऱ्यानें दुसरीकडे वस्ती करून राहिले. २०१८ च्या शिरगणतींत ग्वातेमालाच्या शेंकडा ४१ हून अधिक लोकांनीं आपण माया असल्याचें सांगितलें. तेथें आजहि वीसहून अधिक माया भाषा बोलल्या जातात. याच लोकांवर १९६० ते १९९६ च्या यादवी युद्धांत घोर संकट कोसळलें. १९९९ सालीं सत्यशोधन आयोगानें मृत व बेपत्ता यांची संख्या दोन लाखांहून अधिक असल्याचा अंदाज दिला. ज्यांची पूर्ण ओळख पटली त्यांत शेंकडा ८३ माया होते. १९८० नंतरच्या त्या वर्षांत हजारों कुटुंबें जीव वांचविण्यासाठीं सीमा ओलांडून मेक्सिकोंत आणि बेलीझमध्यें गेलीं. आपण हौसेनें ओलांडतों त्या सीमेचा त्यांना असा परिचय होता. बेलीझच्या दक्षिणेंतील मोपान व केक्ची माया गांवांना आपल्या वडिलोपार्जित जमिनीवरील हक्क मान्य करून घेण्यासाठीं २०१५ सालीं कॅरिबियन न्यायालयापर्यंत जावें लागलें.

म्हणून ज्यांना ही सहल घडेल त्यांनीं पाण्याची बाटली, टोपी आणि मजबूत जोडे यांबरोबर हे तीन प्रश्नहि जवळ ठेवावेत. वाटाड्याला देवळांची उंची विचारूं नये. ती फलकावर लिहिलेली असते. चौकाचा उतार कोणत्या बाजूस आहे तें दाखवावयास सांगावें. एखाद्या शिळेवरील टिंबें व रेघा त्याच्याकडून वाचून घ्याव्यात. आणि परतीच्या वाटेवर, गाडी सरोवराच्या कांठानें जात असतां, त्याला आदरानें विचारावें कीं, आपल्या घरीं आजी-आजोबा कोणती भाषा बोलत. उत्तर कदाचित् स्पॅनिश असें येईल. कदाचित् इत्सा किंवा केक्ची असें येईल, आणि मग दिवसभर दगडांत पाहिलेल्या लोकांतला एक मनुष्य सकाळपासून आपल्या शेजारींच बसला होता, हें आपल्या ध्यानांत येईल.